नात कितवीत आहे?

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी एक निवृत्त शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय ७२. गेली वीस वर्षे मी त्यांना 'बाई' असेच म्हणत आलो आहे. पाच मिनिटे स्वस्थ बसवून रक्तदाब मोजला, तर १६८/९६. रात्री दोनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, ही तक्रार. बोलता बोलता कळले, की अमलोडिपिनची गोळी चार दिवस घेतलेलीच नाही. कारण विचारले, तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, कशात लक्षच लागत नाही हो. रविवारी उपासना संपली, की मंडळीतल्या बायका विचारतात, नात कितवीत आहे? काय सांगू मी त्यांना?"

नात अकरा वर्षांची, नातू आठांचा. सूनबाईंनी तीन वर्षांपूर्वी दोघांना शाळेतून काढून घरीच शिकवण्यास आरंभ केला. सकाळी प्रार्थना आणि पवित्र शास्त्राचे वाचन, मग गणित, भाषा व इतर विषय. जिने उभे आयुष्य हजेरीपट सांभाळला, त्या बाईला हे पचणे कठीणच होते. त्यातच धाकट्या दिरांची नात शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेली; तिच्या गुणांची वार्ता दर आठवड्याला फोनवरून येते.

सूनबाईही माझ्याकडे येतात, त्या डोकेदुखीसाठी. (दोघींच्या अनुमतीने आणि ओळख पुसून हे लिहीत आहे.) त्यांची कोंडी दुहेरी. आप्त विचारतात, मुले शाळेत का नाहीत. आणि घरी शिकवणाऱ्या इतर आया विचारतात, तुमचा अजून अपूर्णांकांवरच आहे का? शाळा सोडली, पण पहिला-दुसरा नंबर काही सुटला नाही.

औषधाआधी मी बाईंना त्यांच्याच परिचयाच्या एका घराची आठवण करून दिली. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला. शास्त्राधार दाखवून त्यांनी आपली बाजू मांडली, आणि संसार गंगामूळच्या अरण्यात थाटला. तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. त्यांना आईनेच शिकवले, तेही पहाटे, घरकामाला जुंपण्यापूर्वी. शाळेची पायरी न चढलेल्या या मुलीला १८७८ साली कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या.

ही कथा बाईंना ठाऊक होतीच. त्यापुढची मात्र फारशी कोणी सांगत नाही. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्यावर दडपण आले ते स्वधर्मीयांकडूनच, आणि ज्यांनी त्यांना आसरा दिला, माया लावली, त्यांच्याकडून. त्यांचा शाकाहारसुद्धा टीकेतून सुटला नाही. मनोरमेला धर्माचे शिक्षण कोणते द्यावे, यावरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. उपकारांची जाणीव ठेवूनही, आपल्या मुलीविषयीचा निर्णय आपला, ही भूमिका रमाबाईंनी सोडली नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हीच मनोरमा आईचा उजवा हात झाली. ती पत्रे आज वाचताना मला दोन्ही बाजूंची कळकळ दिसते, आणि म्हणूनच ती वाचणे जड जाते. परक्याने टोचले, तर माणूस दार लावून घेतो. मायेच्या माणसाने टोचले, तर दार कुठले लावणार?

घरी शिकले, की रमाबाई होतात, असे मला मुळीच सुचवायचे नाही. मुंबईच्या एका मुलीला दहावी-बारावीची प्रमाणपत्रे नसताना २०१६ साली अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला. ही गोष्ट घरी शिकवणाऱ्या प्रत्येक आईला कोणीतरी धीर देण्यासाठी ऐकवतोच. तीही तुलनाच. धीर संपतो आणि धाक उरतो.

आम्ही डॉक्टर मुलांच्या वाढीचा तक्ता ठेवतो, त्यावर वक्ररेषा छापलेल्या असतात. पुष्कळ आजी-आजोबांना वाटते, की मूल वरच्या रेषेवर असेल तरच निकोप. तसे नसते. खालच्या रेषेच्या अंगाने वर्षानुवर्षे नेटाने चढत जाणारे मूल बहुधा उत्तम असते. स्वतःची रेषा सोडून जे खाली घसरू लागते, त्याची चौकशी आम्ही करतो. शेजारच्या मुलाचा तक्ता आम्ही काढून पाहत नाही. बाईंना मी एवढेच विचारले, "मागच्या नाताळात नात जे वाचत होती, त्याहून आता अवघड वाचते का?" त्या पुष्कळ वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वाचते. मलाच वाचून दाखवते."

मात्र आजीने काही विचारूच नये, असे नाही. शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या काही गोष्टी निसटतात, आणि त्या आठवणीत ठेवण्याचे काम घरातल्या ज्येष्ठांइतके चोख कोणी करत नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस असते. पुष्कळ मुलांना ती शाळेतच टोचली जाते. जंतांची गोळी शाळेत वाटतात. शाळाबाह्य मुलांना ती अंगणवाडीत मिळते. शाळेतली आरोग्य तपासणी हुकते, आणि फळाच नसल्यामुळे 'दिसत नाही' अशी तक्रारही कोणी करत नाही. तेव्हा वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत. बाईंच्या नातीची टीडी राहिली होती, आणि तपासणीत चष्म्याचा नंबरही निघाला.

राहिला परीक्षेचा प्रश्न. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरशिक्षणासाठी वेगळी तरतूद नाही, हे आईवडिलांनी ध्यानात ठेवावे. परंतु राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून वयाच्या चौदाव्या वर्षानंतर दहावी देता येते, आणि राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज तर बाईंनीच आपल्या नोकरीत कितीतरी मुलांना भरून दिला असेल. हे ऐकून त्या प्रथमच हसल्या.

पंधरा दिवसांनी त्या रक्तदाबाची वही घेऊन आल्या. सकाळ-संध्याकाळच्या नोंदी सुवाच्य अक्षरात, शेवटची १४०/८४. नातवंडांचे शुद्धलेखन आता त्यांच्याकडे सोपवले आहे. "रविवारी कोणी विचारले का?" मी म्हटले. "विचारले ना. सांगितले, माझ्या वर्गात आहे." झोप बरी लागते, तेव्हा गोळी आता बंद करू का, असेही त्यांनी विचारले. बंद करायची नाही, हे मला तीनदा सांगावे लागले.