पोलिसांना शिकवायचे म्हणजे नेमके काय?



पोलीस ठाण्यावर मोर्चा न्यायचा की पोलिसांच्या वर्गात खडू हातात घ्यायचा, हा प्रश्न आपल्या बैठकांत पुन्हा ऐरणीवर आला आहे. निमित्त आहे दक्षिण मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या समुदाय महाविद्यालय विभागात चालणाऱ्या पोलीस प्रशिक्षण वर्गाचे. त्याचे समन्वयन आणि काही तासांचे अध्यापन मी गेली काही वर्षे करते आहे. खोताच्या वाडीतल्या बैठकीत दोघी-तिघींनी स्पष्टच विचारले, "अगं, ज्यांच्या दारात आपण घोषणा दिल्या, त्यांनाच आता प्रमाणपत्रं वाटायची का?" प्रश्न रोखठोक आहे, उत्तरही तसेच द्यायला हवे. शिकवायला हवे असेच माझे मत आहे. पण आज ज्याला ‘संवेदनशीलता कार्यशाळा’ म्हणतात, ते नव्हे.

आपल्या चळवळीची एक मोठी लाट पोलीस ठाण्याच्या आवारातूनच उठली, हे विसरून कसे चालेल? मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. मथुरा प्रकरण म्हणून आपण ते ओळखतो. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर आंदोलन पेटले आणि १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, तोच पुढे नारी अत्याचार विरोधी मंच झाला. १९८३ मध्ये कायदा बदलला आणि पोलिसांच्या ताब्यातील बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा ठरला. हा इतिहास मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते. सांगून झाल्यावर एवढेच विचारते, की ती मुलगी रात्री ठाण्यात कशासाठी होती? उत्तर कोणाला ठाऊक नसते. ती जबाब द्यायला आली होती. तिच्या भावाने दिलेल्या तक्रारीवरून तिला तिथे आणले होते. वर्ग थोडा गप्प होतो. ‘आरोपी पोलीस’ ही गोष्ट त्यांनी ऐकलेली असते. ‘जबाबासाठी बोलावलेली बाई’ ही मात्र त्यांच्या रोजच्या कामातली असते.

आता कार्यशाळांविषयी. आठ मार्च जवळ आला की आपल्याला आमंत्रणे येतात. सभागृह, पुष्पगुच्छ, वरिष्ठ अधिकाऱ्यांचे दोन शब्द, मग ‘स्त्री ही शक्ती आहे’ या विषयावर आपल्यापैकी कोणाचे तरी भाषण, चहा-सामोसा, गटाचे छायाचित्र. समोर कोण बसलेले असते? ज्याची त्या दिवशी ड्यूटी लागलेली नाही तो. ठाण्याच्या दारातल्या पहिल्या टेबलावर बसणारा ठाणे अंमलदार तिथे नसतो, कारण तो टेबलावर असतो! आणि अडतीस-चाळीस वर्षांच्या माणसात दोन तासांत संवेदना निर्माण करायची, ही अपेक्षाच मला अजब वाटते. बँकेतल्या कारकुनाने खातेदारावर माया करावी, असे आपण म्हणतो का? त्याने नोंद बरोबर करावी आणि पावती द्यावी, एवढे म्हणतो. पोलिसांकडूनही आधी तेच मागू या. मने बदलली तर आनंदच आहे, पण बाईला त्याची वाट पाहत बाकावर बसवता येणार नाही.

म्हणून आमच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ जातो तो जबाब लिहिण्यात. तिघांचे गट करते. एकाने बाईची हकीगत तिच्याच शब्दांत सांगायची, दुसऱ्याने लिहायचे, तिसऱ्याने लिहिलेले मोठ्याने वाचायचे. एकदा सांगितलेली हकीगत अशी होती: "त्याने मला भिंतीवर ढकललं, दोन्ही हातांनी गळा धरला, डोळ्यापुढे अंधारी आली, मुलगी किंचाळली तेव्हा सोडलं." कागदावर उतरले ते असे: "पतीने किरकोळ घरगुती कारणावरून शिवीगाळ करून हाताने मारहाण केली." गळा कुठे गेला? अंधारी कुठे गेली? ‘किरकोळ’ हा शब्द बाईने उच्चारलाच नव्हता, तो कोणी घातला? गळा दाबणे ही खुनाच्या प्रयत्नापर्यंत जाऊ शकणारी गोष्ट आहे. ‘हाताने मारहाण’ म्हटले की तिची एनसी होते, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. बाईच्या हातात एक चिठ्ठी पडते आणि ती त्याच घरी परत जाते. या साऱ्याच्या शेवटी ठरलेले वाक्य असतेच: माझा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून तो मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. खाली सही किंवा अंगठा.

वीसेक वर्षे नोकरी झालेले एक हवालदार म्हणाले, "मॅडम, आम्हाला असंच लिहायला शिकवलंय. लांबण लावली की साहेब ओरडतात." मला हे उत्तर पटले. त्यांची दुष्ट बुद्धी नव्हती. त्यांच्या हाताला वळण तसे लागले होते, आणि वळण बदलता येते. पुढच्या फेरीत त्याच हवालदारांनी ‘दोन्ही हातांनी’ हे शब्द अधोरेखित करून लिहिले. त्यांच्या मनात बायकांविषयी काय आहे, हे मला आजही माहीत नाही.

दुसरा धडा हद्दीचा. गिरगावात राहणाऱ्या बाईला व्ही. पी. रोड, डी. बी. मार्ग, एल. टी. मार्ग, गावदेवी अशी जवळजवळची ठाणी. खोताच्या वाडीतून बाहेर पडले की कोणता रस्ता ओलांडल्यावर हद्द बदलते, हे जन्मापासून इथे राहणारीही सांगू शकणार नाही. मग लग्न होऊन आलेली, घरकामाला येणारी किंवा वसईहून लोकलने येणारी कुठून सांगणार? आणि मारहाण झालेल्या बाईला ‘ही आमची हद्द नाही’ हे वाक्य ऐकवायला क्षणही लागत नाही, मग ती या ठाण्यातून त्या ठाण्यात फिरते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तर हद्द कोणतीही असो, माहिती घ्यावीच लागेल, असे लिहिले आहे. आपण ज्याला झिरो एफआयआर म्हणतो तो हाच. एफआयआरची प्रत फुकट मिळते, हेही त्यातच आहे. ठाण्याने नोंदवून घेतले नाही तर उपायुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. वर्गात मी हे कलम पाठ करून घेते, अगदी शाळेतल्या पाढ्यांसारखे. काहींना राग येतो. येऊ दे.

पण आपणही नवी कलमे नीट वाचली पाहिजेत. चाळीस वर्षे आपल्या तोंडी बसलेले ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत ८५ झाले आहे. आकडा बदलला, एवढ्यावर भागत नाही. तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, गुन्हा नोंदवण्यापूर्वी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या संहितेने दिली आहे. नवऱ्याकडून होणारा छळ या मापात बसवता येतो. चौदा दिवस ती बाई कुठे राहणार? शिवाय गुन्हा नोंदवायला टाळाटाळ करणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षे कैद देणारी तरतूद, जी २०१३ मध्ये आली आणि आता न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये आहे, ती बलात्कार, विनयभंग, ॲसिडहल्ला अशा ठरावीक गुन्ह्यांपुरतीच आहे. कौटुंबिक छळ त्या यादीत नाही. वर्गातले प्रशिक्षणार्थी हुशार असतात, ही फट त्यांना आपल्याआधी दिसते. मग मी कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे कलम ५ काढते. २००५ चा हा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तक्रार घेऊन आलेल्या बाईला संरक्षण अधिकारी, मोफत कायदेशीर मदत, न्यायालयाकडून मिळू शकणारे आदेश यांची माहिती देणे हे पोलिसाचे कर्तव्य आहे, असे तिथे लिहिले आहे. ‘घरचं भांडण आहे, मिटवून घ्या’ हा सल्ला त्यात कुठेच नाही.

वर्गातल्या महिला पोलिसांबद्दल वेगळे बोलायला हवे. १९९४ च्या राज्याच्या महिला धोरणापासून सरकारी नोकऱ्यांत तीस टक्के आरक्षणाची वाट मोकळी झाली आणि वर्दीतल्या मुली ठाण्याठाण्यांत दिसू लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. चांगलेच झाले. पण ठाण्यात बाई आली की ‘लेडी कॉन्स्टेबलला बोलवा’ म्हणून बाकीचे सारे हात झटकून मोकळे होतात. लैंगिक अत्याचाराची माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवावी, हा नियम आपण लढून मिळवला. त्याचेच ‘मॅडम नाहीत, उद्या या’ असे होते. आणि त्या मॅडमचे काय? अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर पहाटेपासून दुसऱ्या दिवसापर्यंत बंदोबस्त, जवळपास धड स्वच्छतागृह नाही, घरी तान्हे मूल. महिला पोलिसांना आठ तासांची ड्यूटी देण्याचा प्रयोग राज्यात २०२१ मध्ये सुरू झाला. तो आपल्या ठाण्यात टिकला का, असे विचारले तर वर्गात हसू फुटते. एका तासानंतर एक शिपाई मुलगी थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, घरी मला मार पडला तर मी कुठल्या हद्दीत जाऊ?" सहकाऱ्यांसमोर जबाब देण्याची तिला लाज वाटत होती. तीही आपलीच बाई आहे, आणि वर्गाचे दार उघडे ठेवायला माझ्यापुरते हे एक कारणही पुरे आहे.

तरीही वर्गाच्या भिंतीत काय साधते, याचा भ्रम नको. समुदाय महाविद्यालयात पोलीस घडवण्याची कल्पना अमेरिकेत रुळलेली आहे. आपल्याकडे फौजदार नाशिकच्या अकादमीत आणि शिपाई खंडाळा, मरोळसारख्या केंद्रांत, म्हणजे खात्याच्याच कुंपणात तयार होतात. तिकडे अनेक ठिकाणी ते सर्वसामान्य विद्यार्थ्यांसोबत महाविद्यालयात शिकतात. मिनेसोटा राज्यात तर पोलीस व्हायला किमान दोन वर्षांची महाविद्यालयीन पदवी लागते. त्याच मिनेसोटातल्या मिनीॲपोलिस शहरात मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. मानेवर गुडघा ठेवणारा अधिकारी नवशिक्यांना रस्त्यावर प्रशिक्षण देणारा होता. बरोबरच्या नवख्या पोलिसांपैकी एकाने फ्लॉइडला कुशीवर वळवू या का, असे विचारलेही. ज्येष्ठाने नाही म्हटले आणि नवख्याने ऐकले. वर्गात शिकलेले रस्त्यावर पुसून टाकायला वरिष्ठाचा एक शब्द पुरतो. आपल्याकडे तेच काम ‘साहेब ओरडतात’ हे दोन शब्द करतात.

म्हणून वर्गाइतकेच महत्त्वाचे आहे ते वर्गानंतर ठाण्यात कोण असते हे. याचे उत्तर मुंबईने फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारात बसू लागल्या, पण पोलिसांच्या हुकमतीखाली नव्हे. बाईचे म्हणणे त्यांनी ऐकायचे, तिच्याबरोबर टेबलापर्यंत जायचे, लिहिलेले वाचायचे. पुढे राज्य सरकारने हे काम स्वीकारून जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. बाजूच्या खोलीत रोज बसलेली एक कार्यकर्ती जे शिकवते, ते माझ्या चाळीस तासांच्या अभ्यासक्रमाला जमणार नाही, असे मी समन्वयक असूनही म्हणते.

तेव्हा आपल्या गटांनी शिकवायला जरूर जावे, पण आपल्या अटींवर. एकेकट्या शिपायाला पाठवून ठाण्याने मोकळे होऊ नये. ठाणे अंमलदार, रायटर आणि त्यांचे साहेब एकाच तुकडीत हवेत. हजेरीवर प्रमाणपत्र नको, जबाब लिहिण्याची परीक्षा हवी आणि तिचे पेपर आपण तपासायचे. समेट घडवून आणणाऱ्या समित्यांवर आपले नाव घालून घेऊ नये. आणि ज्या ठाण्याच्या लोकांना सोमवारी शिकवले, त्याच ठाण्यावर मंगळवारी धरणे धरायची वेळ आली तर धरावे. हे मी पहिल्याच तासाला सांगून टाकते. एक सहायक फौजदार त्यावर म्हणाले, "या ना मॅडम, बंदोबस्ताला आम्हीच असू."

पुढची तुकडी पावसाळ्यानंतर सुरू होईल. तिच्यासाठी आपल्या भागातले कागद हवे आहेत. बाईने तुम्हाला जे सांगितले ते तिच्याच बोलीत लिहून आणि ठाण्यात जे नोंदले गेले त्याची प्रत, अशी जोडी बाईची परवानगी घेऊन पाठवा. नावे, पत्ते आणि ठाण्याचे नाव शाईने पूर्ण खोडा. कोळीणबाईंची मराठी, वाडीतल्या ईस्ट इंडियन आज्यांची बोली, लालबागच्या चाळीतली कोकणी वळणाची भाषा, बिहारहून आलेल्या मुलींची हिंदी, सारे चालेल. पोलिसांना तेच ऐकायचे आणि लिहायचे असते.