भांगेचा परवाना व कायद्याचा फुलोरा

भांग, गांजा व चरस हीं तिन्ही एकाच झाडापासून होतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु त्या झाडाचें पान एका कायद्याच्या हातीं आणि फुलोरा दुसऱ्याच्या हातीं आहे, हें पुष्कळ व्यापाऱ्यांच्या ध्यानीं माल जप्त होईपर्यंत येत नाहीं. सन १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यांत गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्यांपासून वेगळीं झालेलीं पानें व बीं त्यांत येत नाहींत. याच अपवादाच्या जोरावर उत्तर प्रदेश, राजस्थान वगैरे राज्यांत अबकारी परवान्याचीं भांगेचीं दुकानें उघडपणें चालतात.

तेव्हां परवानेदारानें निर्धास्त राहावें काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. पोत्यांतल्या पाल्यांत शेंडे निघाले कीं तोच माल गांजा ठरूं शकतो, आणि गांजा वीस किलोंहून अधिक भरला तर दहा वर्षांहून कमी शिक्षा देण्याची सोय कायद्यांत नाहीं. एरव्हीं गुन्हा शाबीत करण्याचा भार सरकारवर असतो. येथें ३५ व ५४ या कलमांनीं, माल आरोपीच्या ताब्यांत सांपडला हें एकदां ठरलें म्हणजे त्याचें ज्ञान व हेतु न्यायालयानें गृहीत धरावयाचे, आणि तसें नव्हतें हें आरोपीनें निःसंशय दाखवावयाचें. अशा स्थितींत दुकानदारास आधार काय तो त्याच्या साठावहीचा व नमुना तपासल्याच्या दाखल्याचा. माल कोणाचा, वजन किती, कोणत्या पासावर आला, आज किती खपला, याचा ताळा रोजच्या रोज जमला पाहिजे. वहीपूजन जवळ येईपर्यंत जमाखर्च तुंबवून ठेवण्याची आपल्या पेढ्यांची जुनी खोड या धंद्यांत तुरुंगाच्या दारापर्यंत नेईल.

सन २०२२ सालीं बंगळूर येथें एका इसमाजवळ सुमारें २९ किलो भांग व थोडा गांजा सांपडून त्यास अटक झाली. ही भांग गांजा वा चरस यांपासून केली असें दाखविणारा पुरावा पुढें नाहीं, असें म्हणून कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें त्यास जामीन दिला. निकाल यथायोग्यच आहे. पण प्रयोगशाळेचा स्पष्ट अहवाल आधींच हातीं असता तर भांगेचा हा वाद उच्च न्यायालयापर्यंत जाण्याचें कारण काय होतें?

आमच्याकडील व्यापाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. परराज्याचा परवाना महाराष्ट्रांत चालत नाहीं. येथें सन १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि भांगहि त्याच्या कक्षेंत येते. केंद्राच्या कायद्यानें सोडलें म्हणून राज्याच्या कायद्यानेंहि सोडलें, असा तर्क होळीच्या दिवसांत महागांत पडेल.

बियांचा प्रकार त्या मानानें बरा. सन २०२१ च्या नोव्हेंबरांत अन्नसुरक्षा प्राधिकरणानें बीं, त्याचें तेल व पीठ हीं खाद्य म्हणून मान्य केलीं, आणि टी.एच.सी. या मादक द्रव्याची मर्यादा बियांत किलोमागें ५ व तेलांत १० मिलिग्रॅम ठरविली. नियम आंकड्यांत सांगितला, याबद्दल त्या खात्याचे आभार. उत्तराखंडानें धाग्यासाठीं लागवडीस परवाने दिले, तेथें मर्यादा शेंकडा ०.३ आहे. परंतु वाण, हवा व कापणीची वेळ यांनीं हें प्रमाण पालटतें, आणि डोंगरांतल्या शेतकऱ्यास तें डोळ्यांनीं दिसावें कसें? मर्यादा घालणाऱ्यानें तपासणीची सोयहि जवळच करावयास नको काय?

आम्ही नशेचे कैवारी नव्हे. पण सन १८९३-९४ च्या कमिशनानें ११९३ साक्षी घेऊन, सरसकट बंदी नको, कर व परवाने यांनीं नियमन करावें, असा अभिप्राय दिला होता. परक्या सरकारची दृष्टि महसुलावर होती हें उघड आहे; तथापि आधीं चौकशी व मग नियम, हा क्रम तरी त्यानें राखला. आज फी घेतांना तत्पर असणाऱ्या अबकारी खात्यांनीं परवान्याबरोबरच पान व शेंडा यांचा भेद, मिसळ किती चालेल, नमुना कोणीं घ्यावा, अहवाल किती दिवसांत द्यावा, हें लोकांच्या भाषेंत छापून द्यावें. आणि ज्याच्या वह्या चोख आहेत त्याचा माल मोहोरबंद करून ठेवावा, परंतु अहवाल येईपर्यंत त्यास स्वतःस कोठडींत घालूं नये.