जलपर्णीचं टेंडर आणि एक भुंगा

दरवर्षी मार्चमध्ये मी एकच बातमी लिहितो, 'तलावाला जलपर्णीचा विळखा'. मे महिन्यात दुसरी, 'जलपर्णी काढण्याचे काम सुरू'. पंधरा वर्षं झाली. बदलतो तो फक्त टेंडरचा आकडा.

परवा तलावावर गेलो. मासेमारी करणाऱ्या काकांची होडी काठालाच बांधलेली. म्हणाले, "जाळं टाकायला आधी पाणी तर दिसू द्या!"

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिला खाणारे भुंगे तिकडेच राहिले, ती एकटी इकडे आली. पोषक पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. मशीनने कितीही काढा, उरलेल्या चार रोपांतून पुन्हा पसरते. तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं.

यावरचा उपाय नवा नाही. १९८२-८३च्या सुमारास बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी 'निओकेटिना' जातीचे भुंगे परदेशातून आणले, तपासले आणि मग तलावांत सोडले. मोठे भुंगे पानं कुरतडतात, अळ्या देठ पोखरतात. बंगळूरचे तलाव आणि मणिपूरचं लोकटाक सरोवर इथे त्याचा फायदा दिसला. "उद्या आमचं पीक खातील" ही भीती नको, ते जलपर्णीवरच जगतात. गाजरगवतावर मेक्सिकन भुंगे आपण सोडतोच की!

पण भुंगा म्हणजे जादूची कांडी नाही. दोन-तीन वर्षं दम धरावा लागतो. मध्येच तणनाशक फवारलं किंवा सगळी जलपर्णी एकदम उपसली, की भुंग्यांचंही घर जातं. आणि गावाचं गटार थेट तलावात सोडलं, तर भुंगा खाईल त्याहून जास्त ती वाढेल. खत आपणच घालतोय ना!

म्हणून पालिकेकडे दोनच मागण्या. कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांना बोलवा, तलावाचा एक कोपरा राखून भुंगे सोडा आणि तीन वर्षं तिथे हात लावू नका. दुसरी, नाल्याचं पाणी शुद्ध केल्याशिवाय तलावात येऊ देऊ नका. दुसरी टाळून पहिली केली, तर तोही पैसा पाण्यातच.

भुंग्याला दरवर्षी टेंडर लागत नाही, टक्केवारी तर नाहीच. फाईल पुढे सरकत नाही ती यामुळेच तर नाही ना?

आपापल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला एवढं विचारा. पुढच्या मार्चमध्ये तीच बातमी लिहायची मला अजिबात हौस नाही.