सहल ही चैन नव्हे

डोंगर-नदी बघत फिरणे ही भरल्या पोटांची चैन, असे आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही.

१९३४ साली सहकाऱ्यांनी सहलीची इच्छा सांगितली, तेव्हा बाबासाहेबांनी ती उडवून लावली नाही. वेरूळची लेणी पाहायची ठरली, सुमारे तीस जण निघाले. वाटेत दौलताबादच्या डोंगरी किल्ल्यापाशी धुळीने माखलेल्या मंडळींनी हौदावर हातपाय धुतले आणि पाणी बाटवले म्हणून जमाव अंगावर आला. अखेर किल्ला पाहू दिला, पण कुठे पाण्याला शिवू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई! बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. निसर्ग सर्वांचा असतो म्हणणाऱ्यांनी ते जरूर वाचावे.

आपली पोरे दीक्षाभूमीला जातात, चैत्यभूमीला जातात, महाडला जातात. जायलाच हवे. पण निव्वळ आनंदासाठी? आपल्या कितीतरी आईबापांनी घाटरस्त्यांची खडी फोडली, तो घाट पावसात कसा दिसतो हे निवांत बसून कधी पाहिले नाही.

येत्या पावसाळ्यात एका रविवारी अभ्यासवर्गाला सुट्टी द्या. त्यांना घेऊन जा. भाकरी-ठेचा बांधून घ्या, आणि तिथे भाषण करू नका.