बसस्थानक झाले, शेवटच्या बसचे काय?



पेडणे आणि डिचोली या आपल्या दोन्ही तालुक्यांत बसस्थानकाचा विषय निवडणुकीच्या तोंडावर हमखास डोके वर काढतो. नारळ फुटतो, कोनशिला बसते, फोटो छापून येतात. मग स्थानकात दुकाने किती निघणार, ती कोणाला मिळणार, पार्किंग कुठे होणार, याची चर्चा चौकाचौकांत रंगते. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही: या स्थानकावरून रात्रीची शेवटची बस किती वाजता सुटणार आणि ती कुठवर जाणार?

चांगले स्थानक हवेच, याबद्दल दुमत नाही. पावसाळ्यात छप्पर गळू नये, पिण्याचे पाणी असावे, स्वच्छतागृह वापरण्याजोगे असावे, बायकामाणसांना उजेडात बसता यावे, या किमान अपेक्षा आहेत. पण भिंतीवर वेळापत्रक नसेल आणि असलेल्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी येत नसेल, तर त्या इमारतीला बाजारसंकुल म्हणावे. बसस्थानक म्हणू नये.

आपल्याकडची जुनी मंडळी बसला ‘कारेर’ म्हणत. पोर्तुगीज अमदानीत आणि मुक्तीनंतरही कित्येक वर्षे ही सेवा खासगी मालकांच्याच हाती होती. १९६३ साली आलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी शाळा काढल्या, पण पुढच्या शिक्षणासाठी मुलांना म्हापसा-पणजी गाठावीच लागे आणि बसभाडे गरिबाच्या घराला परवडत नसे. म्हणूनच १९७८-७९ साली बसभाड्यात पन्नास टक्के सवलत मिळावी यासाठी विद्यार्थ्यांनी उभा गोवा हलवून सोडला. १९७९ च्या एप्रिलमध्ये शशिकलाताई काकोडकरांचे सरकार पडले, त्यामागे या आंदोलनाने तापलेले वातावरणही होते. पुढे १९८० साली, प्रतापसिंह राणे यांच्या कारकिर्दीत, कदंब वाहतूक महामंडळ जन्माला आले. थोडक्यात, कदंब ही कोणा मंत्र्याने आपणहून दिलेली देणगी नव्हती. विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून तिची वाट मोकळी केली होती.

नावही किती मोठे दिले! कदंब राजांचे आराध्य दैवत श्री सप्तकोटीश्वर. ते आज आपल्या डिचोली तालुक्यातील नार्वे गावी आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्या देवालयाचा जीर्णोद्धार केला, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्या राजघराण्याचे नाव आणि त्याचा सिंह मिरवणारी बस निदान या तालुक्यात तरी दिवेलागणीनंतर दिसावी, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

आता हिशेबाकडे वळू. बँकेत खातेवह्या सांभाळण्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे आम्हाला हिशेबाची भाषा थोडीफार कळते. ‘कदंब तोट्यात आहे’ हे वाक्य गेली अनेक वर्षे विधानसभेपासून चहाच्या गाड्यापर्यंत ऐकू येते. तोटा असेल, नाही असे नाही. पण तो कोणत्या खात्यात लिहिला जातो आणि त्यातून होणारा लाभ कोणत्या खात्यात जमा होतो, हे कोणी पाहत नाही. मुलगी पदवीधर झाली, तिला नोकरी लागली, म्हाताऱ्याला वेळेवर गोमेकॉत नेता आले, भाजीवाली बाजार करून रात्री घरी पोचली. यातला एकही रुपया कदंबच्या जमेच्या बाजूला दिसत नाही. डिझेल, टायर आणि पगार मात्र खर्चाच्या बाजूला ठसठशीत दिसतात.

कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्राचे एसटी महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालते. कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि सुसूत्र सेवा देणे हे त्या कायद्याच्या १८ व्या कलमाने महामंडळाचे कर्तव्य ठरवले आहे. आपले कदंब मात्र कंपनी कायद्याखाली नोंदवलेली सरकारी कंपनी आहे. कंपनी म्हटली की ताळेबंद आला, नफा-तोटा आला. जनतेच्या सोयीसाठी काढलेल्या संस्थेला व्यापारी दुकानाचे माप लावले की पहिली कुऱ्हाड पडते ती रात्रीच्या बसवर.

असे का होते? प्रत्येक फेरीचा हिशेब वेगळा केला जातो म्हणून. आसनांच्या मानाने प्रवासी किती बसले याला एसटीच्या भाषेत ‘भारमान’ म्हणतात. समजा, एखाद्या गावातून सकाळच्या बसने चाळीस माणसे शहरात गेली. त्यातली तेहतीस संध्याकाळच्या बसने परतली आणि रात्रीच्या शेवटच्या बसला सातच उरली. कागदावर शेवटची बस तोट्याची ठरते आणि ती बंद होते. महिन्याभरात सकाळच्या बसचेही प्रवासी कमी होतात. कारण त्या तेहतिसांतल्या अनेकांना रोज खात्री नसते, की आज काम वेळेत आटपेल आणि संध्याकाळची बस मिळेल. चुकली तर मागची आहे, या भरवशावर ते घर सोडत होते. भरवसा गेला की माणूस दुचाकीसाठी कर्ज काढतो. म्हणजे शेवटच्या बसची कमाई पहिल्या बसच्या तिकिटांत लपलेली असते. ती वेगळी काढून पाहणारा हिशेबनीस दोन्ही बस गमावतो.

खासगी बसवाल्यांवर आमचा राग नाही. गोव्याच्या खेडोपाडी आजही बरीचशी वाहतूक त्यांच्याच जिवावर चालते आणि त्यांतले कित्येक आपल्यापैकीच आहेत. पण दुपारची फेरी मारायची नाही, रविवारी गाडी काढायची नाही, अंधार पडला की घरी जायचे, ही सवय सर्वांना माहीत आहे. परवान्यावर वेळा लिहिलेल्या असतात, त्या पाळल्या जातात की नाही हे बघणारा कोणी नसतो. २०२३ साली सरकारने ‘म्हजी बस’ योजना आणली. खासगी मालकाची बस कदंबच्या छत्राखाली चालवायची आणि मालकाला किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे, अशी तिची कल्पना. कल्पना चांगली आहे. प्रवासी कमी असले तरी फेरी बुडवण्याचे मालकाला कारण राहत नाही. मात्र इब्रामपूर, हणखणे, चांदेल, लाटंबार्से, साळ अशा टोकाच्या गावांना तिचा लाभ मिळतो की नाही, यावरच तिचे यश मोजावे लागेल.

मोपाचा विमानतळ तर आपल्या दारातच आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. विमानाच्या प्रवाशासाठी कदंबच्या बस सुरू झाल्या, हे योग्यच झाले. पण ज्या पेडणेकरांच्या जमिनी त्या विमानतळाखाली गेल्या, त्यांच्या मुलाला रात्रपाळी संपवून कोरगावला किंवा पालयेला जायचे असेल तर बस आहे का? पणजी-मडगावकडे जाणाऱ्या पाहुण्याची सोय पाहणाऱ्या वेळापत्रकात घरच्या माणसालाही जागा हवी.

दुसरा प्रश्न सीमेपलीकडच्या गाड्यांचा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा वेगळा राहिला. त्या कौलात आपल्या तालुक्यांचा कल कोणीकडे होता, हे इतिहासात नमूद आहे. कौलाचा निकाल लागला, तो आपण मान्य केला आणि तो वाद आता उकरण्यात अर्थ नाही. पण सोयरिकी काही कौलाने तुटत नाहीत. पेडण्याच्या घरातल्या सुना सावंतवाडी, बांदा, आरोंद्याच्या. डिचोलीच्या लेकी दोडामार्ग, चंदगड, बेळगावला दिलेल्या. बारसे, बारावे, जत्रा, चतुर्थी, सगळे पत्रादेवी आणि चोर्ला ओलांडूनच होते. दोडामार्गचा रुग्ण बांबोळीला येतो तो याच वाटेने. ही ये-जा दोन्ही राज्यांच्या सरकारी बसगाड्यांवर अवलंबून आहे आणि त्या गाड्या राज्याराज्यांतील परस्पर करारांवर. हे करार कधी होतात, त्यात कोणते मार्ग घेतले जातात, हे ज्या गावांना त्याची झळ लागते त्यांना कोणी विचारत नाही.

ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा सीमेवरच्या माणसाची काय दैना झाली ते आठवावे. त्यानंतर महाराष्ट्राने पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास दिला आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे केले. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. माहेरी निघालेल्या बाईचे अर्धे तिकीट पत्रादेवीच्या नाक्यावर पूर्ण होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही ज्या पत्रादेवीला गोळ्या झेलत सीमा ओलांडून आले, तिथे आज तिकिटाच्या दराने सीमा उभी राहावी, हे शोभत नाही. दोन्ही सरकारांनी बसून निदान सीमेलगतच्या तालुक्यांपुरती ही सवलत परस्परांना लागू केली, तर खर्च थोडा आणि दुवा मोठा मिळेल.

रेल्वे आहे ना, असे कोणी म्हणेल. कोकण रेल्वेने मुंबई जवळ आणली, हे खरे. पण जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले आणि गाड्या अडकून पडल्या. शिवाय रेल्वे दोडामार्गला जात नाही, साखळीला जात नाही. चतुर्थीच्या दिवसांत खासगी आरामगाड्यांचे भाडे कुठवर चढते, हे मुंबईत मुले असलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. सरकारी लांब पल्ल्याची बस असते तेव्हाच त्या भाड्याला लगाम बसतो.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. आपली जुनी घराणी. दारात चारचाकी, मुलांच्या दोन दुचाकी. ‘बसने कोण जातो आता?’ असे आपण सहज म्हणतो. गोव्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येच्याही वर गेली आहे. दरवर्षी दोनशेहून अधिक जीव रस्त्यावर जातात, त्यांत तरणीताठी दुचाकीवरची मुलेच जास्त. बँकेच्या खिडकीतून दिसते, की पहिल्या नोकरीचा पहिला मोठा खर्च दुचाकीच्या हप्त्याचा असतो. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोलीत पगार थांबले, हप्ते थांबले नाहीत. बस चांगली असती तर त्यांतली कित्येक कर्जे काढावीच लागली नसती.

आणि एक विसरू नये. ज्यांचा शब्द पंचायतीत आणि आमदाराकडे चालतो, त्यांनी बस सोडली की बसची बाजू घेणारे कोणी उरत नाही. उरतात ती विद्यार्थिनी, कामवाली बाई आणि म्हातारा पेन्शनर. त्यांना स्थानकावर ताटकळायची सवय झाली आहे, म्हणून त्यांचा आवाज मोठा होत नाही.

म्हणून आमचे मागणे असे. दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक पंचायतीला रात्री निदान नऊपर्यंत परतीची एक बस मिळावी आणि तिचा हिशेब स्वतंत्र न करता दिवसभराच्या मार्गाबरोबर करावा. मुक्कामाची बस जिथे बंद झाली तिथे ती पुन्हा सुरू करावी. या सेवेचा तोटा कदंबच्या माथी न मारता सरकारने अर्थसंकल्पात शिक्षण आणि आरोग्याच्या बरोबरीने उघडपणे दाखवावा. आंतरराज्य गाड्यांची वेळ दोन्ही स्थानकांवर देवनागरीत ठळक लावावी.

केवळ लिहून हे होणार नाही. प्रत्येक गावातल्या दोन-तीन जणांनी महिनाभर बुडालेल्या फेऱ्यांची वहीत तारीखवार नोंद ठेवावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून परवान्यावरच्या वेळा मागवाव्यात आणि दोन्ही कागद ग्रामसभेसमोर ठेवून ठराव घ्यावा. तारखेनिशी मांडलेल्या तक्रारीला उत्तर देणे अधिकाऱ्याला भाग पडते, नुसत्या आरड्याओरड्याला पडत नाही. मत मागायला जो कोणी दारात येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याने स्थानकाच्या इमारतीचे चित्र पुढे केले की ते बाजूला ठेवावे आणि विचारावे: आमच्या गावची शेवटची बस किती वाजताची?