लाल शाई आणि आमच्या मुलांची गोष्ट

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सहावी-सातवीची मुले लिहायला बसतात. परवा एका मुलीने शाळेची निबंधवही दाखवली. विषय होता 'पावसाळ्यातील एक दिवस'. घरात पाणी शिरले तेव्हा आजी ओरडली, 'आधी बाबाला उचल, मंग पीठ.' बाबा म्हणजे भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर. 'मंग'वर लाल फुली, 'बाबाला' खोडलेले, आणि खाली शेरा: 'भाषा सुधारा.' मुलीने भाषा सुधारली. दुसऱ्या खर्ड्यात गाईडमधले काळे ढग आले आणि मोर नाचू लागले. आमच्या नाल्याकाठी मोर कुठून आले?

शुद्धलेखन तपासणे वेगळे आणि लेखन सुधारणे वेगळे, हे कोर्टात वावरणाऱ्या आम्हाला लवकर कळायला हवे होते. साक्षीदाराच्या तोंडी वकिलाचे शब्द घातले की साक्ष उलटतपासणीत कोसळते. म्हणून आता आम्ही आधी पेन खाली ठेवतो. मूल मोठ्याने वाचते. जिथे ते अडखळते तिथे वाक्य बिघडलेले असते, आणि बहुतेक वेळा ते त्यालाच ऐकू येते. मग आम्ही विचारतो: पाणी कुठवर आले? दिवे होते का? तू कुठे उभी होतीस? ती म्हणाली, गुडघ्यापर्यंत, आणि डबा तरंगत होता. हे वहीत का नाही? मग 'सकाळी लवकर उठले, दात घासले' हे अर्धे पान ती स्वतःच कापते. ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हे सर्वांत शेवटी. निवेदन प्रमाण मराठीत, कारण परीक्षा आणि नोकरी तिथेच आहे, हे पालकांचे म्हणणे खोटे नाही. पण अवतरणचिन्हांच्या आत आजी आजीसारखीच बोलेल.

दोष एकट्या शाळेला का द्यावा? मागे एका मुलाच्या गोष्टीच्या शेवटी आम्हीच चळवळीची घोषणा जोडायला लावली. जयंतीच्या कार्यक्रमात टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर तो म्हणाला, 'सर, शेवटचं माझं नव्हतं.' लाल शाईने करायचे ते आम्ही निळ्या शाईने केले होते.

फुले दाम्पत्याच्या शाळेतील मुक्ता साळवेचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदया'त छापून आला. एक शाळकरी मुलगी आपल्या समाजाचे दुःख स्वतः लिहिते, हा आमचा वारसा आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 चे कलम 29 तर सांगते की मूल भीतीमुक्त असावे आणि त्याला मोकळेपणाने मत मांडता यावे. निबंधवही त्यातून वगळलेली नाही.

खोडून पुन्हा लिहिणे कमीपणाचे वाटणाऱ्या मुलांना आम्ही संविधानाची हकिकत सांगतो. मसुद्यावर सुमारे 7,635 दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि बाबासाहेबांनी उत्तरे देत देत मसुदा तडीस नेला. 5 डिसेंबर 1956 च्या रात्रीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी तपासायला मागून घेतली होती.

ती मुलगी आता तिसरा खर्डा लिहिते आहे. मोर गेले, आजी परत आली. पीठ वाचले की भिजले, हे मात्र तिने अजून लिहिलेले नाही. येत्या रविवारी विचारू.