दोन शास्त्रे, एक प्रवेश

बारावीच्या निकालाच्या सुमारास तुळिंजमधील मध्यमवर्गीय घरांत 'नीट'च्या गुणांचे गणित मांडले जाते. एमबीबीएस आणि बीएएमएस या दोन्हींचे दार याच परीक्षेने उघडते. मात्र अनेक कुटुंबांच्या लेखी आयुर्वेद म्हणजे एमबीबीएस हुकल्यावर उरलेली वाट.

या पार्श्वभूमीवर, पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत दोन्ही पदव्यांचा एकत्रित अभ्यासक्रम आखला जात असल्याची घोषणा केंद्रीय आयुष राज्यमंत्री प्रतापराव जाधव यांनी मे २०२५मध्ये केली. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्यास कडाडून विरोध केला. कल्पना स्वागतार्ह आहे; पण नवी नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे असे मिश्र अभ्यासक्रम देशात चालले. त्यांचे पदवीधर बहुतांशी आधुनिक औषधांकडेच वळले, विद्यार्थी एमबीबीएसच्या दर्जासाठी आंदोलने करू लागले. अखेर १९६३ साली व्यास समितीने शुद्ध आयुर्वेदाचा पुरस्कार केला.

महाराष्ट्रात असा अभ्यासक्रम यावा असे वाटणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये. आज प्रत्येक पदवीला साडेचार वर्षांचे अध्ययन आणि वर्षभराची आंतरवासिता लागते. एकत्रीकरणात त्यातील काय गाळणार? दोन स्वतंत्र आयोगांपैकी नोंदणी कोणाकडे? संहिता मुळातून वाचण्याइतके संस्कृत शिकवणार काय? या प्रश्नांची उत्तरे माहितीपुस्तिकेत छापल्याशिवाय एकही प्रवेश देऊ नये. आयुर्वेदाकडे केवळ एमबीबीएसची मागची वाट म्हणून पाहणारा विद्यार्थी कोणत्याच शास्त्राला न्याय देणार नाही, आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागेल.